गल्फला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका हवी, पण अमानत समजून लिहिलेली

ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्याकडच्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच बातमी फिरत होती. सौदीत कफाला पद्धत संपली, आता कफीलची गरज नाही! कुणी मुबारकबाद दिली, कुणी लगेच जेद्दाहतल्या भावाला मेसेज पाठवला.

मुळात मोठा बदल झाला तो मार्च 2021 मध्ये. खासगी कंपन्यांतल्या कामगारांना, वर्षभर काम झाल्यावर आणि नोटीस देऊन, मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची सवलत सौदी सरकारने दिली. पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना त्या सुधारणेतून वगळले होते. आणि आपल्याकडची कितीतरी पोरं हाऊस ड्रायव्हर म्हणूनच जातात! असा मेसेज वाचून एखाद्याने कफीलचे घर सोडले, तर त्याच्यावर 'हुरूब' लागू शकतो, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद. मग इकामा अडकतो, दुसरीकडे काम करणे गुन्हा ठरते आणि घरी परतण्याची वाटही सरळ राहत नाही. एका अर्धवट मेसेजची किंमत एवढी मोठी असू शकते.

म्हणून परदेशी जाणाऱ्यांसाठी मराठी आणि उर्दूत एक नीट मार्गदर्शिका असावी, ही चर्चा आपल्या समाजात सुरू झाली आहे, ते चांगलेच आहे. रत्नागिरी, रायगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आधी बोटीवर आणि नंतर गल्फमध्ये जात आली. घरे त्यावर उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. पण तिथे कसे जायचे, कसे राहायचे, अडचण आली तर काय करायचे, हे ज्ञान चाचा-मामूंच्या तोंडीच राहिले. चाचांचा अनुभव खरा असतो, पण तो वीस वर्षांपूर्वीच्या सौदीचा असतो.

दहावी पास होताच संरक्षण कमी

आम्ही शिक्षक. मुलगा दहावी पास झाला की आम्हाला आनंद होतो. पण त्या मार्कशीटचा एक परिणाम आम्ही वर्गात कधी सांगत नाही. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शेरा असतो. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन धरून 18 देशांत नोकरीला जायचे तर त्याला आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. त्या वेळी नोकरीचे कागद पाहिले जातात आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीने काढावा लागतो. हप्ता दोन वर्षांसाठी 275 रुपये, तीन वर्षांसाठी 375. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर 10 लाख रुपये.

दहावी पास मुलाला ही मंजुरी लागत नाही. तो खूश असतो, एजंट त्याहून खूश! कारण आता त्याचा करार सरकारी पातळीवर कुणी पाहणार नाही आणि विम्याची सक्तीही नाही. 1 जानेवारी 2019 पासून अशांनाही नोंदणी सक्तीची करण्याचे सरकारने जाहीर केले होते, पण तो निर्णय स्थगित झाला. ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतःहून नोंदणी करता येते, पण ते सांगणार कोण? मार्गदर्शिकेचे पहिले पान याच विषयाचे असायला हवे.

पानोपानी काय हवे

दुसरे पान पैशाचे. सरकारी परवाना असलेला रिक्रूटिंग एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावीच लागते. परवाना खरा की खोटा हे ई-मायग्रेटवर पाहता येते. गावातला सबएजंट कायद्यात बसतच नाही. 'आझाद व्हिसा' नावाची कोणतीही कायदेशीर वस्तू नाही. कफील एकाचा आणि काम दुसरीकडे, हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे आणि पकडला जातो तो कामगारच. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकरामध्ये आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग लाखभर रुपये विनापावती कसे देतो?

तिसरे पान सामानाचे. अम्मी प्रेमाने घरचा मसाला बांधून देते. त्यात खसखस असते. खसखस अमिराती आणि सौदीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि त्यापायी माणसे अडकलेली आहेत. ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या गोळ्यांचेही तेच. दुसऱ्याचे पार्सल न उघडता नेऊ नये, हे तर मोठ्या अक्षरांत छापावे.

चौथे पान पोहोचल्यानंतरचे. करार सौदीत 'किवा'वर आणि इकामाची स्थिती 'अबशर'वर स्वतः पाहायला शिकणे. पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नसतो. अमिरातीत 2009 पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत आहे, कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान पगार महिना 1000 रियाल आहे. हे माहीत असलेला माणूस बोलू तरी शकतो.

आणि एक पान, जे कुणाला लिहावेसे वाटणार नाही, ते मय्यतचे. तिथेच दफन करायचे की मय्यत गावी आणायची, यासाठी वारसांचे लेखी संमतीपत्र लागते. थकलेला पगार आणि इतर येणे वारसांना मिळायला हवे, त्यासाठी दूतावासात पाठपुरावा करावा लागतो. कुटुंबाकडे पैसे नसतील तर दूतावासाकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, तक्रारीसाठी 'मदद' पोर्टल आहे. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि 45 भारतीय गेले. त्यात केरळचे सर्वाधिक होते. केरळने परदेशस्थ माणसांसाठी 1996 मध्येच सरकारात स्वतंत्र खाते काढले. तिथल्या घरावर असा प्रसंग आला तर कोणत्या दारात जायचे हे ठरलेले आहे. आपल्याकडची बेवा बहीण आधी एजंटाला फोन लावते, आणि तो उचलत नाही.

लिहिणारा कोण, खर्च कुणाचा?

खरा प्रश्न पुढेच आहे. अशी मार्गदर्शिका उत्साहात चार महिन्यांत तयार होईल. पण गल्फचे नियम बदलत राहतात, फोन नंबर बदलतात, फी बदलते. दोन वर्षे जुनी माहिती छापील आणि सुबक दिसली की लोक तिच्यावर मेसेजपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. तेव्हा ती मेसेजपेक्षा जास्त नुकसान करेल.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक पानावर ते शेवटचे कधी तपासले ती तारीख हवी आणि तपासणाऱ्याचे नाव हवे. दर सहा महिन्यांनी नंबर फिरवून पाहायचे. जे पान तपासायला माणूस नाही, ते काढून टाकायचे. सौदीचा नियम सौदीच्याच पानावर, 'गल्फमध्ये असे चालते' असले वाक्य कुठेच नको. आणि एजंट किंवा ट्रॅव्हलवाल्याचा पैसा घ्यायचा नाही, मग तो कितीही नेक माणूस असो. त्याचा पैसा आला की 30 हजारांचे पान आधी बारीक अक्षरांत जाईल आणि मग गायब होईल. खर्च फार नाही, जमातीच्या फंडातून तो भागू शकतो.

भाषेचाही विचार व्हावा. आपली निम्मी मुले मराठी शाळेत शिकतात, त्यांना उर्दू बोलता येते पण वाचताना अडते. उर्दू माध्यमातल्या मुलांना सरकारी मराठी जड जाते. तेव्हा दोन्ही लिप्या हव्यात आणि भाषा घरात बोलतो तशी साधी हवी.

सुरुवात मोठी नको. ज्यांच्या घरी गल्फहून परतलेले कुणी आहेत, त्यांनी या रमजानमध्ये तरावीहनंतर तासभर बसावे. आपल्याला जाताना काय माहीत असते तर बरे झाले असते, एवढेच वडिलांना, भावाला विचारावे आणि लिहून काढावे. ते आजच्या नियमांशी पडताळून पाहण्याचे काम आम्ही शिक्षक करू, इन्शाअल्लाह.