बांगडी चढेना, साखर उतरेना

आमच्या परिचयाच्या एका घरांत कांहीं वर्षें एक कोडें सुटत नव्हतें. थोरल्या वहिनींच्या रक्तांत साखर आढळली. भात सुटला, गोड सुटलें, गोळ्या वाढल्या. पण साखर उतरेना. "चोरून खात असेल," असें सासूबाई म्हणत. "औषध वेळेवर घेत नसतील," असें औषध देणारे म्हणत. वहिनी दोघांचेंहि निमूटपणें ऐकून घेत. याच काळांत कासाराला दरवेळीं मोठ्या मापाच्या बांगड्या काढाव्या लागत, आणि बोटांतली अंगठी साबण लावूनहि निघत नसे. परंतु साखर ही डॉक्टरांची बाब आणि बांगडी ही कासाराची. या दोहोंची सांगड घालावी, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. अखेर बऱ्याच वर्षांनीं आलेल्या मावशींनीं "हिचा चेहरा असा कसा ग बदलला?" म्हणून विचारलें, तेव्हां लग्नांतला जुना फोटो घेऊन मंडळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. मूळ दोष जिभेचा नव्हता. तो मेंदूच्या तळाशीं होता.

तेथें हाडाच्या एका खळग्यांत पीयूषिका अथवा पिट्यूटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि असते. वजन सुमारें अर्धा ग्रॅम. पण माजघरांत बसल्या जागेवरून सारें घर चालविणाऱ्या आजीबाईंप्रमाणें ती इतर ग्रंथींना हुकूम सोडते. हिच्यांत कधीं कधीं गांठ होते. ती बहुधा कर्करोगाची नसते. परंतु कांहीं गांठी एखादा अंतःस्राव अहोरात्र ओतीत राहतात, आणि त्याचे पडसाद रक्तांत उमटतात.

वाढीचा स्राव अतोनात झाला, तर हात, पाय, जबडा हळूहळू मोठे होतात. या विकारास 1886 सालीं पॅरिसच्या प्येर मारी यांनीं अ‍ॅक्रोमेगली हें नांव दिलें. हाच स्राव यकृतास साखर सोडावयास लावतो, चरबी वितळवून रक्तांत आणतो आणि इन्सुलिनचा हुकूम निष्फळ करतो. म्हणून साखर वाढते, ट्रायग्लिसराइडें वाढतात. अर्जेंटिनाचे बर्नार्डो हूसे यांनीं स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पीयूषिकाहि काढली, तेव्हां त्याचा मधुमेह सौम्य झाला. साखरेच्या कारभारांत या ग्रंथीचा वांटा दाखविल्याबद्दल 1947 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरा प्रकार हार्वे कुशिंग यांनीं 1932 सालीं वर्णिला. त्यांत कॉर्टिसॉल वाढतें. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट मोठें, हातपाय मात्र काटकुळे, रक्तदाब चढलेला. येथें उपाशीपोटींची साखर कधीं बेताची असते आणि जेवणानंतरची मात्र भडकते. कोलेस्टेरॉल चढतें, पोटॅशियम कधीं घसरतें. तिसऱ्या प्रकारांत प्रोलॅक्टिन वाढून स्त्रियांची पाळी थांबते, बाळंतपणावांचून दूध येतें. कित्येकांचें वजन व कोलेस्टेरॉलहि वाढतें. मूल होत नाहीं म्हणून जिला घरांत बोल लावला जातो, तिचा दोष कधीं या इवल्याशा गांठींत असतो, आणि ही गांठ बहुधा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनीं आटोक्यांत येते.

मग प्रत्येक मधुमेह्यानें डोक्याचें चित्र काढून घ्यावें काय? मुळींच नाहीं; हे विकार विरळा आहेत. मात्र साखरेच्या जोडीला वरील खुणा दिसल्या, तर डॉक्टरांपुढें त्या एकत्र मांडाव्यात. पहिल्या विकारासाठीं रक्तांतील आयजीएफ-1 मोजतात. तें वयाप्रमाणें बदलतें, म्हणून वयाच्याच मापानें पाहावें लागतें. शिवाय 75 ग्रॅम ग्लुकोज पाजतात. निरोगी माणसांत त्यानें वाढीचा स्राव दबतो, या रोग्यांत दबत नाहीं. कॉर्टिसॉलसाठीं मध्यरात्रीची लाळ अथवा 24 तासांची लघवी तपासतात, किंवा रात्रीं 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचें रक्त पाहतात. दोष रक्तांत ठरला, मगच एम्. आर्. आय्.नें गांठ शोधावयाची.

शस्त्रक्रिया बहुधा नाकाच्या वाटेनें होते. स्राव आवरला कीं पुष्कळांची साखर उतरते. सर्वांचीच उतरते असें नाहीं. पासिरिओटाइडसारखें एखादें औषध तर गांठीस आवरतांना साखर वाढवितें. म्हणून मागल्या सुमारें तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीएवनसी तपासणी पुढेंहि चालू ठेवावी लागते.

वहिनींची साखर आतां निम्म्या गोळ्यांवर आवरते. वाढलेलीं हाडें मागें फिरत नाहींत. पण बोटांची सूज ओसरली आणि अंगठी निघाली. ती सासूबाईंनींच स्वतःच्या हातानें पुसून ठेवली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांस वाटतें, घरांतल्या माणसाचें शरीर ऐकेनासें झालें, तर त्याच्या जिभेवर आळ घेण्यापूर्वीं भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे एकदां नीट पाहावें.