दोन भेटींच्या मधले दिवस

यंदा आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांतल्या मुली बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. आमच्या वेळी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१४ च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा झाला आणि एकूण २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढणे आले. त्यांतले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. कागदोपत्री याला आंतरवासिता म्हणतात, घरोघरी मात्र ‘इंटर्नशिप’च. शाळेतल्या एखाद्या अनुभवी बाई किंवा सर मार्गदर्शक म्हणून नेमून दिलेले असतात. ते मागच्या बाकावर बसून पाठ पाहतात, वहीत शेरा लिहितात, नंतर दहा-पंधरा मिनिटे बोलतात. पुन्हा निवांत बोलणे होते ते चार-आठ दिवसांनी.

मुलींशी बोलले की लक्षात येते, अडचण भेटीत नसते. ती मधल्या दिवसांत असते. मुली म्हणतात, “मॅडम मेसेजला उत्तरच देत नाहीत.” मार्गदर्शकाचे काम करणारे आमचे सहकारी म्हणतात, “आठ दिवस मुलगी तोंड उघडत नाही आणि पाठाच्या आदल्या रात्री अकरा वाजता टाचणाचे नऊ फोटो पाठवते.” दोघांचेही खरे आहे.

यातल्या एका मुलीच्या वहीत शेरा आला, ‘विषयज्ञान चांगले, वर्गनियंत्रण कमी.’ कमी म्हणजे नेमके काय, हे तिला कळले नाही. विचारावे तर मोठ्यांना उलट विचारल्यासारखे होईल, म्हणून ती गप्प राहिली. पुढच्या दोन पाठांना ती मुलांवर ओरडत राहिली. शेरा तोच आला. घरात “झेपत नसेल तर सोडून दे” अशी भाषा सुरू झाली. अम्मीने तिला आमच्याकडे पाठवले. आम्ही तिला एकच प्रश्न दिला, तो मॅडमना जाऊन विचारायला सांगितला : वर्ग माझ्या हातून नेमका कोणत्या क्षणी सुटला? मॅडमनी लगेच सांगितले, “तू मुलांकडे पाठ करून बराच वेळ फळ्यावर लिहीत होतीस, तेव्हा.” एका वाक्याचे उत्तर. त्यासाठी तीन आठवडे गेले आणि शिक्षण सुटण्याची वेळ आली.

आपल्या घरांत मुलांना अदब शिकवतात, ते चांगलेच आहे. पण गप्प बसणे म्हणजे अदब, असा समज त्याबरोबर नकळत रुजतो. उस्तादाचा वेळ वाया जाणार नाही अशा तयारीने विचारणे, आणि त्याने सांगितलेल्याचे पुढे काय झाले ते त्याला कळवणे, ही खरी अदब.

उर्दूच्या परंपरेत याचा फार चांगला दाखला आहे. शागिर्द आपली गझल डाकेने पाठवायचा, उस्ताद तिच्यात इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, करून परत धाडायचा. मिर्झा गालिब दिल्लीत असत आणि त्यांचे शागिर्द गावोगावी. मुन्शी हरगोपाल तफ्ता या एका शागिर्दाला त्यांनी लिहिलेली शंभराहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत घरच्या गप्पा आहेत, तसा अमुक शब्द का चालत नाही याचा खुलासाही आहे. तरुण इक्बाल यांनीही आपल्या गझला हैदराबादला दाग देहलवी यांच्याकडे डाकेने पाठवल्या. काही काळाने दाग यांनीच कळवले, की आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. ही तालीम कागदावर चालली. उत्तर यायला दिवस लागत, म्हणून शागिर्दाला विचारायचे ते एकाच पत्रात नीट मांडावे लागे. आज फोन हातात आहे, म्हणून आपण नुसते ‘सलाम मॅडम’ लिहून उत्तराची वाट पाहत बसतो.

मग मेसेज कसा असावा? त्यात चार गोष्टी याव्यात : मागच्या भेटीत काय ठरले, आपण काय केले, त्यातून काय झाले, आणि आता नेमका प्रश्न कोणता. उत्तर केव्हापर्यंत हवे, तेही लिहावे. नमुना देतो :

“अस्सलामु अलैकुम मॅडम. सोमवारी आपण सांगितलं होतं, की प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला थोडा वेळ द्या. काल सातवी ‘ब’वर तसं केलं. पुढून पाच-सहा हात वर आले, मागच्या दोन बाकांवरून एकही नाही. शुक्रवारच्या अपूर्णांकांच्या पाठात या मुलांना आधी जोडीत बोलू द्यावं, की थेट नाव घेऊन विचारावं? गुरुवारी टाचण पक्कं करायचं आहे. उद्या मधल्या सुट्टीत दोन मिनिटं मिळाली तरी पुरे.”

हे वाचायला अर्धा मिनिट लागतो. मॅडम चहा पिता पिता ‘आधी जोडीत’ एवढे लिहून मोकळ्या होतील. याउलट “मॅडम, पाठ कसा घेऊ?” याला उत्तर द्यायचे तर त्यांना अख्खा तास बसावे लागेल. म्हणून उत्तर येत नाही आणि मुलीला वाटते, आपल्याकडे दुर्लक्ष झाले.

टाचण पाठवायचे असेल तर सगळी पाने नकोत. शंका असलेले पान पाठवावे, त्या ओळीवर खूण करावी. लांबलचक व्हॉइस मेसेज टाळावा. शिक्षक-खोलीत तो ऐकायचा कसा? आणि सकाळचे शुभेच्छांचे फोटो या नंबरावर पाठवूच नयेत. रोजच्या फुलांच्या गर्दीत कामाचा मेसेज हरवतो.

सल्ला अमलात आणल्यावर त्याचे काय झाले, ते कळवायचे मात्र बहुतेक मुले विसरतात. ‘जोडीचा उपाय चालला, मागची दोन मुले बोलली’ एवढी एक ओळ पुरते. उपाय फसला तर तेही लिहावे. पाठ बिघडला की मुले आठ-आठ दिवस तोंड लपवतात, आणि मदतीची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते. सल्ला पटला नाही तर “मी असा विचार केला होता, त्यात काय चुकतंय?” असे विचारता येते. त्यात बेअदबी नाही.

आता घरच्यांशी दोन शब्द. मुलगी संध्याकाळी फोनवर सरांना काही लिहिते आहे म्हटले की काही घरांत कपाळावर आठ्या येतात. फोन काढून घेतला की विचारण्याची वाट बंद होते आणि नुकसान मुलीचे होते. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत मुलीने विचारून घ्यावे : फोनवर विचारू, की शाळेतच? कोणत्या वेळेत? मग ती वेळ घरात सर्वांना सांगून टाकावी. बोलणे उघड असले की संशयाला जागा राहत नाही. मात्र मार्गदर्शकाकडून कामाबाहेरचे, अवेळी किंवा अपमान करणारे मेसेज येऊ लागले, तर मुलीने ते मेसेज जपून ठेवावेत आणि घरी व कॉलेजातल्या प्राध्यापकांना सांगावे. तिथे अदबीचा प्रश्न येत नाही. तिने विश्वासाने घरी येऊन सांगावे असे वाटत असेल, तर “तूच काहीतरी केलं असशील” हे वाक्य आपल्या तोंडी येता कामा नये.

हे सगळे फक्त बी.एड.पुरते नाही. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा मुलगा, सीनियर वकिलांच्या हाताखाली नुकतीच लागलेली मुलगी, यांचेही असेच असते. आपल्या कित्येक घरांतून त्या पेशात जाणारे ते पहिलेच असतात. घरात विचारायला त्या कामातले कोणी नसते, म्हणून बाहेरच्या एका अनुभवी माणसाशी बोलणे टिकवणे त्यांना जास्त गरजेचे.

सुरुवातीला एक साधी वही पुरते. पानावर तीन रकाने आखावेत : काय सांगितले, काय केले, काय झाले. आठवड्याच्या शेवटी जो रकाना रिकामा दिसेल, पुढचा मेसेज त्याबद्दलचा.