खाली टाळून सम सापडत नाही

यिन-यांगचे ते काळे-पांढरे वर्तुळ आता आपल्या चांगलेच ओळखीचे झाले आहे. हणजूणच्या बाजारातल्या टी-शर्टवर ते दिसते, फेंगशुईच्या दुकानात हसऱ्या बुद्धाशेजारी दिसते, योगवर्गाच्या फलकावरही दिसते. त्याच्याबरोबर एक सुटसुटीत शिकवण फुकट मिळते: पूर्वेचे सगळे तत्त्वज्ञान म्हणजे समतोल, आणि समतोल म्हणजे थोडे हे, थोडे ते. कुणाला दुखवायचे नाही आणि कशात फार खोलही शिरायचे नाही!

ही शिकवण दुकानापुरती राहिली असती तर हे लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती आपल्या गाण्याच्या मंचावर चढली आहे. गायक तंबोरे जुळवत असतानाच आयोजक कानाशी लागतो, "बुवा, जरा बॅलन्स सांभाळा. ख्याल वीस मिनिटे पुरे. मग एखादे नाट्यगीत, एखादा अभंग आणि भैरवी." सगळ्यांना सारखा वाटा दिला म्हणून याला समतोल म्हणायचे! माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

यिन आणि यांग या शब्दांचे मूळ अर्थ अगदी साधे आहेत. एकाच डोंगराची सावलीतली बाजू आणि उन्हातली बाजू. सकाळी सत्तरीतून पाहा, सह्याद्रीची आपल्याकडची बाजू सावलीत असते. दुपार कलली की तीच उन्हात न्हाते. डोंगर एकच, पण दोन्ही बाजूंवर सारखे ऊन एकाच वेळी कधी पडत नाही. म्हणून तर त्या वर्तुळातली रेघ सरळ नाही, वळणाची आहे. काळ्यात पांढरा ठिपका आहे, पांढऱ्यात काळा. एक वाढत जाते ते दुसऱ्याला पोटात घेऊनच. लाओत्से चाकाचा दाखला देतो तोही असाच आहे: आरे कितीही असोत, चाक चालते ते मधल्या पोकळीमुळे.

आपल्याकडचे सांख्य दर्शन याच्याही पुढे जाते. सत्त्व, रज, तम हे तीन गुण अगदी समसमान असतात तेव्हा काय होते? काहीच होत नाही! ती साम्यावस्था म्हणजे अव्यक्त प्रकृती. तिच्यात क्षोभ झाला की सृष्टी सुरू होते. ताओ आणि सांख्य एकच, असे मी म्हणत नाही. ‘सगळे एकच आहे’ हेही त्या दुकानातलेच वाक्य. पण वाटणी समान केली की समतोल साधतो, असे दोघांपैकी कुणीच सांगितलेले नाही.

हे तत्त्वज्ञान ऐकायचे असेल तर इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे (१९१२–१९७४) जावे. इंदूर आपल्याला परके नाही. मंगेशीच्या दीनानाथांची लता १९२९ साली जन्मली ती याच शहरात. होळकरांच्या त्या संस्थानात खाँसाहेब वाढले. वडील शाहमीर खाँ सारंगी आणि बीन वाजवणारे. अब्दुल वहीद खाँची संथ बढत, देवासच्या रजब अली खाँची तान, भेंडीबाजारच्या अमान अली खाँची सरगम या तिन्हींचा ठसा त्यांच्या गाण्यावर उमटला. पण त्यांनी तिघांना तिसरा-तिसरा हिस्सा दिला नाही. तान सरगम असूनही त्यांच्या गाण्यावर राज्य केले ते अतिविलंबित लयीने.

त्यांचा आवडता ताल झुमरा. चौदा मात्रा, पहिलीवर सम, आठवीवर खाली. खालीवर टाळी नाही, हात मोकळा सोडायचा. डग्गाही तिथे गप्प होतो. या रिकामपणाला वजन यायला वेळ लागतो, तेव्हा कुठे पुढची सम भेटल्याचा आनंद होतो. त्यांची मेरुखंडाची शिस्त तर निव्वळ गणित. सात स्वरांच्या मांडण्या होतात ५०४०! एवढ्या काटेकोर गणितातून इतका शांत, मोकळा आलाप निघावा, हे काळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यासारखेच. त्यांचा मारवा ऐका. मारव्यात षड्ज सतत टाळला जातो, रिषभ-धैवतावर जीव टांगलेला राहतो, आणि म्हणून षड्ज येतो तेव्हा घर सापडल्यासारखे वाटते. हा विरह वीस मिनिटांच्या ख्यालात, तोही द्रुताची घाई असताना, कुठे बसवणार?

कुणी म्हणेल, खाँसाहेबच ‘बैजू बावरा’त (१९५२) गायले की! गायले. तानसेनासाठी ते आणि बैजूसाठी द. वि. पलुस्कर, अशी ती जुगलबंदी. पण काही मिनिटांच्या त्या गाण्यामागे आयुष्यभराची विलंबित साधना उभी होती. सिनेमाच्या मापाने त्यांनी मैफल कापली नाही.

नाट्यगीताशी माझे भांडण नाही. ते आपल्या रक्तात आहे. अभंगाशी तर नाहीच. भांडण आहे ते संथ अर्धे कापून टाकायचे आणि उरलेल्याला समतोल म्हणायचे, या लबाडीशी. आणि ही लबाडी गोमंतकात चालावी? दोन हातांनी आणि दोन पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरणारे अशी ज्यांची ख्याती, ते लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर याच मातीतले. विरोधी लयी एकत्र नांदतात कशा, हे त्यांच्या गावकऱ्यांना चिनी वर्तुळाने शिकवावे लागू नये.

श्रोत्यांना धीर नाही, हे कारण मला पटत नाही. रात्र-रात्र भजनी सप्ताह जागवणाऱ्या आणि दशावतार पहाटेपर्यंत पाहणाऱ्या माणसांना धीर नाही? त्यांना विचारले कुणी? आयोजकांनी निदान एका सत्रापुरते एकाच गायकाला दोन तास द्यावेत, फर्माईशीच्या चिठ्ठ्या पाठवू नयेत आणि समोरचे घड्याळ काढून ठेवावे. श्रोते उठून गेले तर खुशाल वीस मिनिटांवर परत यावे. पण तेव्हा त्याला वेळापत्रक म्हणावे, समतोल म्हणू नये.