शब्द अडतो कोठें ?

आठ वर्षांच्या मुलास एका मिनिटांत आठवतील तितकीं प्राण्यांचीं नांवें सांगावयास लावा. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा येथवर तो बहुधा झपाट्यानें जाईल, आणि मग अडेल. वाघ-सिंह त्यास ठाऊक नसतात असें थोडेंच आहे ! गोठ्यांतून निघून रानांत शिरावें हें त्यास सुचत नाहीं, इतकेंच. ट्रॉयर, मॉस्कोव्हिच व विनोकर या संशोधकांनीं १९९७ सालीं प्रौढांवरील प्रयोगांतून या शब्दओघाचीं दोन अंगें वेगळीं दाखविलीं : एका गटांतील शब्द ओळीनें काढणें, आणि तो गट आटतांच दुसऱ्याकडे वळणें. मुलांत हें वळणें वयाबरोबर वाढत जातें. ‘क’ अक्षरानें आरंभ होणारे शब्द सांगणें तर याहूनहि कठीण. तेथें अर्थाचा आधार नसतो, म्हणून ती शक्ति कुमारवयांतहि वाढतच राहते.

एकत्र कुटुंबांत मात्र धाकटा अडखळला कीं थोरला भाऊ तत्काळ शब्द पुरवितो, आणि धाकट्यास “मंद” हें विशेषण कायमचें चिकटतें. हा उघड अन्याय होय. (भेंड्यांच्या खेळांत तर मुलांहून वडील मंडळींचीच घाई अधिक !) तो थांबला असतां सर्वांनीं क्षणभर गप्प बसावें, फारच अडला तर शब्द न देतां “आणि पाण्यांत कोण राहतें रे?” एवढेंच विचारावें.