आधी जात, मग अश्रू!

माणूस मेल्याची बातमी आली की आपल्या बीड जिल्ह्यात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? कसा मेला, हा नव्हे. कोणाचा होता, हा! आणि 'कोणाचा' म्हणजे कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा. उत्तर मिळाले की मग ठरते, हळहळायचे की गप्प बसायचे. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना हाल हाल करून मारण्यात आले, तेव्हाही मारणारे कोण आणि मेलेला कोण याची जातवार मांडणी करणारी तोंडे इथे होती. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईद तोंडावर असताना, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला, तेव्हाही निषेधाआधी धर्म मोजला गेला. या सडक्या सवयीवर आम्ही आज लिहीत आहोत आणि लिहिताना नाव घेणार आहोत गाझाचे.

आपल्या चौसाळ्यात पॅलेस्टाईनसाठी सभा घ्या, असे आमचे उघड म्हणणे आहे. त्यावर येणारे उत्तर आम्हाला पाठ आहे: 'ते त्यांचे प्रकरण आहे.' त्यांचे म्हणजे कोणाचे? भाकरीच्या रांगेत गोळी लागलेल्या पोराच्या आईचा हंबरडा कोणत्या धर्माच्या कानांना ऐकू जात नाही?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे बाराशे माणसे मारली, २५१ जणांना ओलीस नेले. तो घोर गुन्हा होता आणि त्याला गुन्हा म्हणताना आमची लेखणी अडखळत नाही. पण त्या गुन्ह्याचा सूड म्हणून पुढच्या दोन वर्षांत गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे ६७ हजारांहून अधिक माणसे मारली गेली; त्यांत मुले हजारोंनी. वीसेक लाखांची वस्ती जवळजवळ सगळीच्या सगळी घराबाहेर फेकली गेली. २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ पडल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने चालणाऱ्या अन्नतज्ज्ञांच्या यंत्रणेने जाहीर केले. पाऊस न पडल्याने आलेला हा दुष्काळ नव्हता. धान्याच्या गाड्या सीमेवर अडवून माणसाच्या हातांनी आणलेला होता. दुष्काळ म्हणजे काय हे ज्या मराठवाड्याला शिकवावे लागत नाही, त्याने हे ऐकून कूस बदलून झोपावे? ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी जाहीर झाली, पण त्यानंतरही तिथली मरणे थांबली नाहीत.

'आधी आपले बघा' हा दुसरा आक्षेप, आणि तो थेट उच्च न्यायालयातून आला म्हणून अधिक गंभीर. गाझाच्या संहाराविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शने करायला मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष न्यायालयात गेला. २५ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि न्यायमूर्ती गौतम अंखड यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळताना कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर असे आपल्या देशातले प्रश्न हाती घ्या, देशभक्त व्हा, असे सुनावले. लोक मागे हटले नाहीत. ऑगस्टमध्ये परवानगी मिळवली आणि २० तारखेला त्याच मैदानावर उभे राहिले. न्यायालयाचा मान राखून आम्ही विचारतो, आंतरराष्ट्रीय शांतता आणि राष्ट्राराष्ट्रांतले न्याय्य संबंध यांसाठी झटावे, असे राज्यघटनेचे ५१ वे कलम राज्यसंस्थेला सांगते. त्याच घटनेचा नागरिक शांततेने तेच मागू लागला, तर त्याची देशभक्ती कमी कशी होते?

आणि 'आपले' कुठे संपते? १९७२ च्या दुष्काळात याच मातीतल्या घराघरांत अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर गाडले गेले तेव्हा देशोदेशींची मदत आली. त्या वेळी कोणी लातूर नकाशावर कुठे आहे म्हणून हात आखडला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करून. पुण्याच्या विहिरींवर शूद्रातिशूद्रांना पाणी मिळत नव्हते, तरीही! दोन्ही गुलामगिऱ्यांचे मूळ एक आहे हे त्यांना दिसत होते. आपल्या चौसाळ्यावरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग धरून खाली गेले की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सोलापूर लागते. १९३८ मध्ये हा तरुण जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला, जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला. आधी सोलापूरचे बघ, असे त्याला सांगणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवतात?

उलट ज्याला दूरचे दुःख दिसत नाही, त्याला जवळचेही दिसत नाही, हे आम्ही रोज पाहतो. 'आधी आपले बघा' म्हणणाऱ्यांतले किती जण ऊसतोड्या बायांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांसाठी रस्त्यावर आले? उचल फिटत नाही म्हणून मुकादमाने डांबलेल्या जोडप्यासाठी किती जण ठाण्यात गेले? पाचटाच्या कोपीत, फाटक्या ताडपत्रीखाली सहा-सहा महिने काढणाऱ्या बाईला गाझाच्या तंबूतली बाई समजावून सांगावी लागणार नाही. चिखल, थंडी, आडोसा नसणे, पाण्यासाठी हंडा घेऊन उभे राहणे, हे सगळे तिच्या अंगावरून गेलेले आहे.

मुस्लिम बांधवांनाही दोन शब्द. हा विषय नमाजानंतरच्या दुवेपुरता ठेवू नका. मोहल्ल्यातून चावडीवर या, शेजारच्या गल्लीला बोलवा, आणि बोलावणे येईल तेव्हा त्या गल्लीच्या दुःखातही उभे राहा. आणि सर्वांनाच बजावून सांगतो, या सभेत ज्यू माणसाविरुद्ध एक अक्षर उच्चारले जाता कामा नये. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल शतकानुशतके आपल्या कोकणात मराठी होऊन राहिले. त्यांच्यातले जे इस्रायलला गेले त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. आमचे भांडण बॉम्ब टाकणाऱ्या सरकारशी आहे, त्या माणसांशी नव्हे.

आपल्या सरकारशीही बोलायचे आहे. १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता देणारा हा देश. १२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवा या ठरावाच्या बाजूने १४९ देशांनी हात वर केले, तेव्हा आपला हात खालीच राहिला! सप्टेंबरमध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याला आपण मत दिले, ते योग्यच झाले. पण हत्यारांचे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ११ मोठ्या बंदरांतल्या गोदी कामगारांच्या महासंघाने इस्रायलकडे जाणारी शस्त्रे चढवणार-उतरवणार नाही, असे जाहीर केले. हमालांनी जे धैर्य दाखवले ते पदवीधरांनी दाखवावे.

२९ नोव्हेंबर हा पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा जागतिक दिवस. त्या दिवशी चौसाळ्यात सभा व्हावी. पोलिसांना आधी लेखी कळवून, दिवसाउजेडी, लाऊडस्पीकरवर घोषणांचा गोंगाट न करता. शस्त्रांचा व्यापार थांबवा, अन्न-औषधांची वाट मोकळी करा, एवढ्या दोन मागण्यांचे निवेदन मराठीत लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला धाडावे. त्याच कागदावर तिसरी ओळ मस्साजोगच्या न्यायाची असावी आणि चौथी अर्धमसल्याच्या न्यायाची. नोव्हेंबरात अनेक घरांना कुलपे असतील, ऊसतोडीच्या टोळ्या फडावर गेलेल्या असतील. तेव्हा निवेदनाची एक प्रत कारखान्याच्या तळावर पाठवा. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर कोप्यांपुढे ती वाचा आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घ्या, बायांचे आधी.