काटकसरीचा जमाखर्च

वैशाखाचे ऊन तापू लागले, की गावोगावच्या अंगणांत आणि शहरांतील चाळींच्या गच्च्यांवर धुतलेली जुनी लुगडी अंथरली जात आणि त्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळत पडत. पावसाळ्यात भाजी महागली तरी पानात काहीतरी तोंडीलावणे असावे, एवढा साधा त्यामागचा हिशेब. हे दृश्य आजही नाहीसे झालेले नाही. विरळ मात्र झाले आहे. त्याबरोबरच घरी शिवलेली गोधडी, घरी कुटलेली शिकेकाई, जुन्या साडीची पिशवी यांविषयी हळहळ व्यक्त करण्याची प्रथाही पडली आहे. ही हळहळ प्रामाणिक असेल; परंतु तिच्या मुळाशी एक चूक आहे. ‘पूर्वी हे सारे घरच्या घरी फुकट होत असे,’ असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः ते फुकट कधीच होत नव्हते.

कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज त्यांचे पाणी बदलावयाचे, मग ते वाटून, पिळून चीक काढावयाचा, तो रात्रभर बसू द्यावयाचा, पहाटे वरचे पाणी ओतून टाकून तो शिजवावयाचा, गुठळी होऊ नये म्हणून अखंड घाटत राहावयाचे आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडावयाचा. गोधडीची कथा निराळी नाही. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर अंथरून एकेक धावदोरा घालताना कित्येक दुपारची विश्रांती खर्ची पडे. कापड जुने होते, म्हणून त्याची किंमत नव्हती; श्रम घरच्या बाईचे होते, म्हणून त्यांचीही किंमत नव्हती! संसाराच्या वहीत बचत लिहिली गेली. ती ज्या खात्यातून आली, ते खाते मात्र उघडलेच गेले नाही.

या श्रमांना किंमत आहे, हे सिद्ध करण्यासाठी तात्त्विक चर्चेची गरज नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’चा केवढा विस्तार झाला, हे सर्वश्रुत आहे. पापड तोच, लाटणेही तेच. फरक एवढाच, की लाटलेल्या पापडाचे वजन होऊ लागले आणि वजनानुसार पैसे हाती पडू लागले. हाताने शिवलेल्या गोधड्या आज प्रदर्शनांतून चांगल्या भावाने विकल्या जातात. म्हणजे बाजाराला जे उमगले, ते अद्याप कुटुंबाला उमगावयाचे आहे.

राष्ट्राच्या हिशेबाचीही हीच तऱ्हा आहे. घरातील विनामोबदला सेवांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत स्थान नाही. मात्र केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. अशा स्थितीत ‘पुन्हा घरगुती वस्तूंकडे वळा’ असा उपदेश करणे म्हणजे त्या २९९ मिनिटांत आणखी भर घालणेच होय. नोकरी करून दमून घरी परतलेल्या गृहिणीने विकतचा पापड आणला, तर तिला आळशी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग ही विद्या बुडू द्यावी काय? मुळीच नाही. ती टिकणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा अनेकांना जुन्या साडीच्या पिशवीचीच आठवण झाली. वस्तू फाटताच न टाकता तिला दुसरा जन्म देणे, हे शहाणपण कचऱ्याच्या ढिगांनी वेढलेल्या आपल्या शहरांना आज पूर्वीपेक्षा अधिक हवे आहे. परंतु त्यासाठी दोन पथ्ये पाळावयास हवीत. पहिले असे, की काटकसर घरात आहे त्या वस्तूपासून सुरू व्हावी. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या शालेय प्रकल्पासाठी आईने दुकानातून नवे रंगीत कागद आणि काड्या विकत आणाव्यात, ही काटकसरीची थट्टा आहे. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. हे काम एकटीचे राहता कामा नये. मुलग्यालाही धावदोरा घालता आला पाहिजे, घरातील पुरुषालाही चीक घाटता आला पाहिजे. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला, तेव्हा त्यात मुलगे आणि मुली असा भेद नव्हता. पुढे शाळांत ‘कार्यानुभव’ हा विषय आला. पण पुष्कळ ठिकाणी तो वेळापत्रकातील एका चौकटीपुरताच उरला. शिवणटिपण, डागडुजी आणि वाळवण यांना तेथे खरोखरीचे स्थान देता येईल.

आजीची गोधडी उबदार होती, यात शंका नाही. तिची आठवण काढताना आपले डोळे पाणावतात, हेही योग्यच. परंतु त्या आठवणीचे ऋण फेडावयाचे असेल, तर गोधडीचे गोडवे गाण्यापेक्षा सुई हाती घेणे हाच सरळ मार्ग आहे.