माळ रिकामा नसतो

चैत्र नुकताच लागला होता. सोलापुरातील एक कुटुंब पहाटेच बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवरील नान्नजकडे निघाले. आजोबा, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. नातीला माळढोक पाहायचा होता. आजोबांच्या मनात मात्र दुसराच विचार घोळत होता. आजींच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त गावाकडील चार एकर माळावर पाचशे झाडे लावण्याचा त्यांनी संकल्प केला होता. रोपांची मागणीही नोंदवून झाली होती.

पायवाटेवर येताच वाटाड्याने सूचना दिली, "खाली बघून चला. या दिवसांत अंडी जमिनीवरच असतात."

"आपले साधू-साध्वी चार हात पुढची जमीन पाहून चालतात ना? त्यालाच ईर्यासमिती म्हणतात," आजोबांनी नातीला समजावले.

त्या शब्दांचा प्रत्यय लवकरच आला. खडकाळ जमिनीवर माळटिटवीची चार अंडी होती. ना काडी, ना आडोसा. मातीशी त्यांचा रंग इतका एकरूप झालेला, की आणखी दोन पावलांनी अनर्थ घडला असता. सर्वजण हलकेच मागे सरले. टिटवी परतून अंड्यांवर बसेपर्यंत कोणीही बोलले नाही.

ऊन चढू लागले तसा माळ उलगडत गेला. डोंबारी पक्षी उंच जाऊन कोलांटी घेतल्यासारखा खाली झेपावत होता. त्याचे नाव किती सार्थ आहे, हे नातीला तत्काळ पटले. तांबूस छातीचा धाविक चार पावले धावून ताठ उभा राही. दूरवर काळविटांचा कळप चरत होता. निरीक्षण मनोऱ्यावरून दोन तास दुर्बीण फिरली; माळढोक मात्र दिसला नाही.

वाटाड्याला त्याचे नवल वाटले नाही. १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचा विस्तार कागदोपत्री ८,४९६ चौरस किलोमीटर होता. पुढे तो सुमारे १,२२२ वर आला. आता येथे एकटादुकटा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. देशभरात हे पक्षी दीडशेहूनही कमी उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत. मादी साधारणतः वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचे नीट दिसत नसल्याने हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळतो.

"आणि इथले माळ कुठे गेले?" मुलाने विचारले.

"काही नांगराखाली गेले, काही उसाखाली. उरले त्यांना पडीक ठरवून त्यांवर झाडे लावली. माळढोकाला चहूकडे नजर पोहोचेल अशी मोकळी जमीन लागते. दाट झाडी झाली की तो तिथे राहत नाही. टिटवी, धाविक यांचेही तसेच. झाड लावणे पुण्याचेच, पण ते माळावर लावले तर गवतातल्या जिवांचे घर मोडते."

आजोबा काहीच बोलले नाहीत. जन्मभर त्यांनी त्या चार एकरांना रिकामी जमीन म्हटले होते. पावसाळ्यात तेथे गुडघाभर गवत येई, तितर ओरडत, आजी माहेरी आलेल्या लेकींना तेथे फिरायला नेत. हे सारे ठाऊक असूनही त्या जमिनीवर कोणी राहत असेल, असे त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांनी रोपवाटिकेला दूरध्वनी केला. मागणी पन्नास रोपांवर आणली; तीही लिंब, चिंच आणि आंब्याची, विहिरीजवळ आणि घराभोवती लावण्यासाठी. माळावर नांगर घालायचा नाही, गवत पेटवायचे नाही आणि अंडी-पिलांचे दिवस सरेपर्यंत कापायचेही नाही, असे त्यांनी मुलाला बजावले.

"मग आजीच्या नावाने काय लावायचे?" नातीने विचारले.

"तिच्या नावाने ते गवत राखू," आजोबा म्हणाले. "पाऊस पडला की आपण बघायला जाऊ. खाली बघत चालायचे मात्र विसरू नकोस."